जिना कोणाचा?



'ग्रीन बिल्डिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंजवडी किंवा खराडीतली निळ्या काचांची बिल्डिंग, लॉबीत कुंड्या, भिंतीवर चकचकीत सर्टिफिकेट आणि तळघरात कम्प्युटरसमोर बसलेला एक माणूस, जो कुठल्या मजल्यावरचा एसी किती वीज खातोय हे बसल्या जागी सांगतो. सेमिनारला टॉपिक मिळत नसला की आपण हमखास हाच घेतो. हैदराबादच्या सीआयआय-गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ साली लीड प्लॅटिनम रेटिंग मिळालं, ही पहिली स्लाइड तर ठरलेलीच!

त्या बिल्डिंगांबद्दल मला आदर आहे. पण पुण्याचा व्यापार काही सगळा काचेआड चालत नाही. ब्रेडबोर्ड, रिले, रेझिस्टर घ्यायला आपण कुठे जातो? तापकीर गल्लीत. सेकंडहँड पुस्तकांना? अप्पा बळवंत चौकात. ताईच्या लग्नाच्या किरकोळ खरेदीला? तुळशीबागेत. सगळं बुधवार पेठेत आणि तिच्या कडेकडेने, पायी फिरता येईल एवढ्यात. मग 'व्यापारी इमारत सुरक्षित, काटकसरी आणि टिकाऊ कशी चालवायची' हा प्रश्न खरा कुठे आहे? माझ्या मते तो इथे आहे. आणि इथल्या बिल्डिंगांना नवीन काच नकोय, त्यांना एक जबाबदार माणूस हवाय. हेच मला या लेखात सांगायचं आहे.

पेठेतल्या व्यापारी बिल्डिंगांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, जुने वाडे, ज्यांच्या खाली दुकानं आली आणि वर गोडाऊन झालं. दुसरा, वाडे पाडून उभी राहिलेली तीन-चार मजली कॉम्प्लेक्स. वाडा बांधणारा माणूस थर्मोडायनॅमिक्स शिकला नव्हता. पण मधला चौक उघडा ठेवला की गरम हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा आत येते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. जाड भिंतींमुळे दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आपण ज्याला 'पॅसिव्ह कूलिंग' म्हणून मार्क मिळवतो ते हेच! पुढे धंदा वाढला. चौकावर पत्रा टाकला, खाली माल रचला. हवा कोंडली म्हणून पंखे आले, पंखे पुरेनात म्हणून एसी आले, आणि एसीचा लोड आला त्याच जुन्या वायरवर. एका पत्र्याने काय काय केलं पाहा. बिल्डिंग तापली, बिल वाढलं आणि धूर बाहेर जायची वाटही बंद झाली. म्हणजे सुरक्षितता, काटकसर आणि पर्यावरण हे तीन वेगळे चॅप्टर नाहीतच. एक बिघडला की तिन्ही बिघडतात.

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी स्टेपर मोटर शोधत मी अशाच एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर गेले होते. जिन्यात खोकीच खोकी. वरून उतरणाऱ्या माणसाला वाट द्यायची म्हणजे भिंतीला चिकटून उभं राहावं लागत होतं. वळणावर मीटरचा लाकडी बोर्ड, आणि त्याच्या खाली कोणाच्या तरी ई-स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली. दुकानातल्या काकांना विचारलं, "काका, ही खोकी कोणाची?"

"वरच्यांची."

वरच्यांना विचारलं तर ते म्हणाले, "खालच्यांची, बाळा."

परत खाली येऊन काकांना म्हटलं, "मग हलवायला सांगायचं कोणाला?" काका हसले. म्हणाले, "अगं, जिना काय माझ्या एकट्याचा आहे का? सगळ्यांचा आहे!"

काका मनाने वाईट नाहीत. मोटरवर त्यांनी मला डिस्काउंटही दिला. त्यांचं स्वतःचं दुकान आरशासारखं स्वच्छ होतं. म्हणजे प्रत्येकाचं दुकान नीट, पण दुकानाच्या उंबऱ्याबाहेरचं काहीच नीट नाही. जिना, मीटरची जागा, गच्ची, पाण्याची टाकी, ड्रेनेज, मेन केबल हे सगळं 'सगळ्यांचं'. आणि आग असो, गळती असो वा वाया जाणारी वीज असो, सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

आता थोडं आपल्या सिलॅबसमधलं. समजा त्या मीटर बोर्डावर एका जॉइंटचा स्क्रू सैल झाला आणि तिथे फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स तयार झाला. त्यातून २० अँपिअर करंट जातोय. आय स्क्वेअर आर करा! ४०० गुणिले ०.१, म्हणजे ४० वॅट. लॅबमधलं आपलं सोल्डरिंग आयर्न असतं २५ ते ४० वॅटचं. म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांजवळ, लाकडी बोर्डावर, कोणीतरी दिवसभर सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून निघून गेलंय असंच समजा. एमसीबी पडणार का? नाही. कारण करंट तर नॉर्मल आहे! रोज १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका सैल स्क्रूपायी १२० युनिट वीज हवेत जाते. स्क्रू आवळायला वायरमनला लागतात २ मिनिटं. त्या २ मिनिटांत वीजही वाचते आणि दुकानही.

दुसरी गंमत न्यूट्रलची. एलईडी दिवे, कम्प्युटर, चार्जर यांच्यामुळे थर्ड हार्मोनिक करंट तयार होतात. तिन्ही फेजचे हे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कधी कधी फेजपेक्षा बारीक टाकलेला असतो. सबंध गल्लीच इलेक्ट्रॉनिक्सची असेल, तर त्या बिचाऱ्या न्यूट्रलचं काय होत असेल?

"एवढं काही होत नाही हो," असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. ज्या बुधवार वाड्यात इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या होत्या, तो वाडा मे १८७९ मध्ये आगीत गेला. फार जुनी गोष्ट झाली? बरं. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले ५ कामगार गेले. त्याच महिन्यात, २४ मे रोजी, सुरतच्या तक्षशिला आर्केड या व्यापारी कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर क्लासला बसलेली २२ मुलं-मुली गेली. आपल्याहून लहान! ऑक्टोबर २०२४ मध्ये तर बुधवार पेठेला लागूनच, मंडईच्या मेट्रो स्टेशनमध्ये, वेल्डिंग करताना फोमने पेट घेतला. मध्यरात्रीची वेळ होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. तेच संध्याकाळी ७ वाजता झालं असतं तर?

शिवाय आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेने जात नाही, धुराने जातो. मुंबईच्या कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जण गेले, त्यात गुदमरून गेलेलेच जास्त होते. खाली आग आणि वर माणसं अशी वेळ आली की उघडा जिना धुराची चिमणी होतो. तोच खोक्यांनी भरलेला असेल तर मग बोलायलाच नको. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून अग्निशमन दलाचा बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटं आपली आपल्यालाच काढायची असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण पेठेत अजून जुनी झालेली नाही.

आपण अप्पा बळवंत चौकाला लाडाने 'एबीसी' म्हणतो. लाल सिलिंडरवरही 'एबीसी'च लिहिलेलं असतं. ए म्हणजे कागद-लाकूड, बी म्हणजे तेल-पेट्रोल, सी म्हणजे गॅस. या तिन्ही आगींना चालणारी ती पावडर. एबीसी चौकात एबीसी सिलिंडर किती दुकानांत आहे, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, आणि दुकानातल्या पोऱ्याला पिन ओढता येते का, हे पुढच्या वेळी पुस्तक घेताना सहज बघा. पुस्तकांच्या चौकाला याहून उपयोगी धडा कुठला?

मग कायदा नाही का? आहे की! महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे आणि तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार आगीपासून बचावाची साधनं चालू स्थितीत ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीचा तसा दाखला द्यायचा. कोणी? मालक किंवा भोगवटादाराने. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे 'भोगवटादार' हा शब्द मला नवीन होता. आजीला फोन केला. ती म्हणाली, "जो जागा वापरतो तो भोगवटादार, मग ती त्याची असो वा नसो." माझ्या मनात आलं, म्हणजे आग लागल्यावर जो भोगतो तोच!

विजेच्या बाबतीत केंद्राचा ईसीबीसी हा कोड आहे, २००७ चा आणि मग सुधारलेला २०१७ चा. पण २०१७ च्या कोडने धरलेल्या इमारती १०० किलोवॅट आणि त्यावरच्या, आणि मुख्यतः नव्या बांधकामाच्या. पेठेत प्रत्येक दुकानाचा मीटर वेगळा, लोड छोटा. सगळ्या मीटरची बेरीज करून अख्खी बिल्डिंग किती वीज खाते हे पाहणारा कोणी नाही. म्हणजे आजारी पेशंट इथे आणि डॉक्टर हिंजवडीत!

आणि नुसतं महत्त्व असून बिल्डिंग टिकत नाही, याचं उदाहरणही बुधवार पेठेतच आहे. भिडे वाडा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू केली तो वाडा. दगडूशेठ गणपतीच्या समोरच. खाली दुकानं चालू, वरचा भाग खिळखिळा. स्मारकाची मागणी होती, मालक होते, भाडेकरू होते, महापालिका होती, कोर्टात केस होती. प्रत्येकाची बाजू होती, पण छप्पर शाकारायला कोणीच नव्हतं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये स्मारकासाठी तो धोकादायक वाडा पाडावा लागला. अख्ख्या देशाने ज्याच्यापुढे हात जोडावेत त्या वाड्याची ही गत, तर तापकीर गल्लीतल्या साध्या कॉम्प्लेक्सचं काय?

दुकानदारांची बाजूही खरी आहे. मालक म्हणतो, जुनं भाडं इतकं कमी की त्यात रंगसुद्धा होत नाही. भाडेकरू म्हणतो, जागा माझी नाही, मी पैसे का घालू? दोघांचंही बरोबर, आणि म्हणूनच जिना तसाच. काही जण म्हणतात, हा सगळा बाजार उचलून शहराबाहेर नवीन बिल्डिंगीत न्या. मला नाही पटत. दहा रुपयांचा कपॅसिटर घ्यायला आलेल्या पोराला तीन दुकानं फिरून भाव आणि सल्ला दोन्ही मिळतो, ही त्या गल्लीची खरी श्रीमंती आहे. आणि उभी बिल्डिंग पाडायची म्हणजे तिच्या विटा, सिमेंट, लोखंड यांत ओतलेली सगळी ऊर्जा कचऱ्यात, आणि नवीसाठी पुन्हा तेवढीच! हे कसलं ग्रीन?

मग करायचं काय? माझ्या डोक्यात तीन साध्या गोष्टी आहेत.

पहिली, प्रत्येक बिल्डिंगला एक 'कारभारी'. पुण्याला हा शब्द काही नवा नाही! दुकानदारांपैकीच एक, वर्षभरासाठी, आळीपाळीने. त्याचं नाव जिन्याच्या तोंडाशी पाटीवर लिहायचं. म्हणजे 'सांगायचं कोणाला' हा प्रश्न संपला.

दुसरी, एक वही. महिन्यातून एकदा कारभाऱ्याने फेरी मारायची. जिना मोकळा, गच्चीचं दार उघडतं, सिलिंडरचा काटा ठीक, मीटर बोर्ड गरम लागत नाही, टाकी वाहत नाही, एकूण युनिट किती. समोर तारीख आणि सही. काचेच्या बिल्डिंगीतला तो कम्प्युटर तरी वेगळं काय करतो? नोंद ठेवतो आणि वेळेवर ओरडतो. सामाईक खर्च सगळ्यांत वाटला तर एका दुकानाच्या वाट्याला चहाच्या बिलापेक्षा जास्त येईल असं मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट आपली. एनएसएसमध्ये आपण झाडं लावतो, रस्ते झाडतो. छानच. पण इलेक्ट्रिकलची २० मुलं-मुली, एक सर, लॅबमधले क्लॅम्प मीटर आणि सोबत एक परवानाधारक वायरमन, एवढ्यात पेठेतली एक बिल्डिंग एका रविवारात तपासून होईल. कुठला जॉइंट तापतोय, कुठला न्यूट्रल ओव्हरलोड आहे, एवढं लिहून दिलं तरी पुरे. हात लावायचं काम वायरमनचं, बघायचं आणि मोजायचं आपलं. फायनल इयरला 'स्मार्ट' नावाचं काहीतरी करून फाईल कपाटात टाकण्यापेक्षा हा प्रोजेक्ट कोणाच्या तरी पोटापाण्याच्या, कदाचित जिवाच्याही, कामी येईल.

आणि हो, सुरुवात घरापासून. हॉस्टेलमध्ये एका एक्स्टेन्शन बोर्डावर इमर्शन रॉड, इस्त्री आणि दोन लॅपटॉप लावणारे आपणच ना? पॅसेजमधली ती मोडकी खाट आणि जुन्या जर्नल्सचा ढीग कोणाचा? गच्चीच्या कुलपाची किल्ली रात्री २ वाजता कोणाकडे असते, हे तुमच्या विंगमध्ये किती जणांना माहीत आहे? रेक्टर मॅडमना आणि सरांना माझी विनंती आहे की प्रत्येक मजल्यावर एक कारभारी नेमावा आणि एक वही टांगावी. आमच्या मजल्यासाठी पहिलं नाव माझं लिहा. खाट हलवायला मात्र दोघी-तिघी तरी मदतीला या, एकटीला उचलत नाही!