चर्चगेटचं चर्च कुणाचं?

गेल्या महिन्यात अकोल्याहून दोस्त आला. पाळी सुटल्यावर गोदीतून निघालो आणि बॅलार्ड इस्टेटच्या बाजूनं चालत त्याला हॉर्निमन सर्कलला सेंट थॉमस कॅथेड्रलात नेलं. आत गार. भिंतीभर संगमरवर. त्यानं दोन-चार पाट्या बघितल्या न् म्हणाला, "काहून आणलं बे मले इथं? हे तं गोऱ्यायचं मसनवट हाय. पाडून टाका लेकाचं."

मी म्हटलं, थांब. आधी वाच तरी.

त्याच्या रागाशी माझं भांडण नाही. त्या भिंतींवर कंपनीचे गव्हर्नर, कप्तान, आरमारवाले ऐटीत पहुडलेत. कोरेगावच्या खांबावर निदान 1818 साली पडलेल्या आपल्या 'नाकां'ची नावं कोरलीत. इथं मला एकही नाक सापडला नाही. पण म्हणून पाडायचं? पाडलं की पुरावाही गेला.

गव्हर्नर ऑन्जिअरच्या काळात, सतराव्या शतकात, या चर्चचा पाया घातला. मग पैसा आटला आणि चाळीसेक वर्षं अर्धवट भिंती उन्हापावसात उभ्या. पुढं रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीनं वर्गणी जमवली आणि 1718 च्या नाताळला दार उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इथं यायचं तो चर्चगेट. 1860 च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव स्टेशनाला चिकटलं. मुंबईचे मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजलेले. गावात अंतर पाटलाच्या वाड्यापासून मोजतात, तसं.

कॉबनं लिहून ठेवलंय, उद्घाटनाच्या दिवशी रामा कामाती हा शहरातला बडा हिंदू आपली सगळी जात घेऊन आला आणि प्रार्थना संपेस्तोवर बाहेर उभा राहून बघत होता. गोऱ्याला ते फार आवडलं. दोनच वर्षांनी, 1720 ला, त्याच रामा कामातीवर आंग्र्यांशी फितुरीचा खटला भरला. इस्टेट जप्त, माणूस तुरुंगात. पत्रं बनावट होती हे मागाहून निघालं. साहेबाच्या दारात अदबीनं उभं राहून काय मिळतं ते यात आलं. पण मला वेगळंच खुपतं. बड्या जातीचा शेठ बाहेर उभा राहिला तर त्याची नोंद झाली. ज्यानं दगड वाहिला, चुना मळला, तो त्या दिवशी कुठं होता? त्याची जात कोणती होती? कॉबनं विचारलं नाही. आजचे हेरिटेजवालेही विचारत नाहीत.

1995 च्या नियमांनी चर्चला पहिली श्रेणी मिळाली. दुरुस्ती झाली, 2004 ला युनेस्कोचा पुरस्कार आला. चांगलं झालं, मनापासून म्हणतो. गळकं छप्पर कुणाचंही असो, दुरुस्त व्हावं. पण 25 जून 2016 ची पहाट आठवा. दादरचं आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना माणसं झोपेत असताना जमीनदोस्त केला. 19 जुलैला आपण रस्ते भरून टाकले, पण भिंत काही परत उभी राहिली नाही. तिच्या बाजूनं कुठली श्रेणी, कुठली कमिटी त्या पहाटे उभी होती? कॉबच्या भिंतीला तीनशे वर्षं म्हणून वारसा, आणि ज्या यंत्रावर आमचा बाप माणूस म्हणून छापला गेला ते भंगार!

आणखी एक. बाकांवर बसणारे सगळे काही साहेब नाहीत. नगर-जालन्याकडचे महार-मांग मिशनात गेले. आमच्या अकोल्याकडं अलायन्स मिशन होतं, ते अँग्लिकन नव्हे, पण गोष्ट तीच. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं धर्म पाहून अनुसूचित जात ठरवली. 1956 ला शिखांना घेतलं, आपल्या बौद्धांना 1990 ला. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर. गावात त्याची जात सगळ्यांना ठाऊक, फक्त कागदाला ठाऊक नाही. आपल्याला मिळालं म्हणून आपण गप्प बसलो, हे मला पटत नाही. त्या चर्चमधल्या माणसाशी आपलं नातं दगडापेक्षा जुनं आहे.

म्हणून म्हणतो, चर्च राहू द्या. पण आपलीही यादी करा. इंद्रभुवन थिएटर, अमरावती, 13 नोव्हेंबर 1927, अंबादेवी सत्याग्रहाची परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. आपल्यातल्या किती पोरांना ती जागा दाखवता येईल? मला नाही येत. मी वऱ्हाडातला असून.

दोस्ताला हे बोललो तेव्हा तो गप्प झाला. रात्री अमरावती एक्सप्रेसला बसवताना म्हटलं, अकोल्याला उतरू नको, तसाच पुढं जा, ती जागा शोध, म्हाताऱ्या माणसांना विचार, फोटो काढून पाठव. "पाठवतो ना बे," म्हणाला.

अजून आलेला नाही.