खर्च कमी, काळजी पुरी

आपल्या सीमाभागातल्या घरांत प्रवासाच्या वाटा ठरलेल्या असतात. एक पाहुण्यांच्या घरी, दुसरी देवाच्या दारी. ओळखीचे कुणी नाही, सहल कंपनीची बस नाही, अशा गावी पाठीवर पिशवी टाकून निघायचे म्हटले की आई-आजींचे प्रश्न सुरू होतात. राहणार कुठे? भाषा कशी कळणार? आणि तिकडचे ऊन?

कॉलेजातल्या मुला-मुलींना अशा पहिल्या भटकंतीसाठी मी बडोदा सुचवते. हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाने अजमेर आणि जोधपूरकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. त्या रोज नसतात, म्हणून दिवस बघून स्लीपरचे तिकीट आधी काढावे. स्टेशनलगत सयाजीगंजमध्ये लॉज आहेत. खोली डोळ्यांनी पाहून, कडी नीट लागते का ते बघूनच पैसे द्यावेत. नवरात्रात मात्र गरब्याची गर्दी असते, तेव्हा आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये.

भाषेची भीती आपल्याला नसावी. गायकवाडांच्या या राजधानीत दांडिया बाजार, रावपुरा भागांत मराठी घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. शिवाय बाजारात 'एष्टु' आणि 'केवढ्याला' दोन्ही सहज म्हणणाऱ्या जिभेला 'केटला' कितीसे जड? एक ध्यानात ठेवा, गुजरातीत 'जमणी बाजू' म्हणजे उजवी आणि 'डाबी' म्हणजे डावी.

पाहायचे बरेचसे पायी होते. १८७९ साली खुले झालेले सयाजीबाग, त्यातले १८९४ चे संग्रहालय, रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याची भिंतीचित्रे, सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी. नोकरीसाठी बडोद्याला आलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, तेव्हा १९१७ साली ते याच बागेत एका वडाखाली बसले होते. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. परक्या गावी निवारा मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, ते तिथे उभे राहिल्यावर उमगते.

राहिले ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. उन्हाळ्यातच जाणे झाले तर सकाळी अकरापर्यंत फिरा, दुपार सावलीत काढा, पाण्याची बाटली रिकामी ठेवू नका. सेव-उसळ खाऊन स्वस्तात पोट भरते. त्यावर आपले ताक, कन्नडातली मज्जिगे, तिकडची छाश. नावे तीन, गुण एक!

आता हरणीविषयी. शहराच्या ईशान्येला, विमानतळाजवळचा हा भाग. भीडभंजन मारुतीच्या दर्शनाला लोक तिथे जातात. तिथल्याच मोटनाथ तळ्यात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती, अनेकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते. सकाळी डबा भरून देणाऱ्या त्या आयांचा विचार आला की घास उतरत नाही.

ती मुले शाळेवर विसंबून गेली होती, त्यांच्या हाती काही नव्हते. एकट्याने फिरणाऱ्याच्या हाती मात्र नकार असतो. पैसे मोजके असले की मन म्हणते, सगळे चढलेत, आपणही चढू. पुढची फेरी महाग पडेल. नेमके तिथेच थांबायचे. काटकसर खोलीत करा, जेवणात करा, रिक्षाऐवजी पायी जा. पण पिण्याचे पाणी, रात्रीचा सुरक्षित निवारा, बोटीतले जॅकेट, गाडीतली बसायची जागा यांत एक रुपयाही वाचवू नका. जॅकेट नसेल, बोट भरलेली असेल, तर काठावरूनच तळे पाहावे. आपल्याकडच्या नदीला आणि धरणालाही हाच नियम लागू.

मुलांना अडवू नका, आयांनो. पिशवीत ओळखपत्र, औषधे आणि घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवा, आणि एक शब्द पक्का शिकवून पाठवा. मराठीत 'नको', कन्नडात 'ब्याड', गुजरातीत 'नथी जवुं'. वेळेवर तो म्हणता आला की मूल कुठेही फिरून सुखरूप घरी येते.