एकशे अकरा पाकिटं

मुंबई वायव्यमधून 2024 साली रवींद्र वायकर लोकसभेवर 48 मतांनी निवडून आले, हे सगळ्यांना आठवतं. आकड्यामागचा हिशेब मात्र विसरला जातो. यंत्रांवरच्या मोजणीत प्रतिस्पर्धी अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं वायकरांना 1,550 आणि कीर्तिकरांना 1,501 पडली, आणि पारडं फिरलं. बाद ठरलेली टपाली मतं होती 111, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. एवढ्यावरून घोटाळ्याचा वास घेणाऱ्यांशी मी सहमत नाही. टपाली मत बहुधा चुकीपायी बाद होतं: घोषणापत्र जोडायचं राहतं, नाहीतर त्यावर साक्षांकन नसतं. आणि अशा मतदारांत निवडणूक ड्यूटीवरचे कर्मचारी कितीतरी असतात; बूथवर इतरांची बोटं शाईने रंगवणारे!

फरक बाद मतांहून कमी असेल तर ती मतं पुन्हा तपासायचीच, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. निकालाच्या रात्री गोरेगावच्या मोजणी केंद्रात ती तपासलीही गेली. माझी हरकत आहे ती वेळेला. तोवर कोण कितीने पुढे आहे हे दालनातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं. मग अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याच्या होकारावर एक बाजू बोट ठेवणार आणि नकारावर दुसरी. उलट, त्याच दिवशी गोवंडी ज्यात येते त्या ईशान्य मुंबईत संजय दिना पाटील 29,861 मतांनी जिंकले. तिथे बाद पाकिटांची चौकशी करायचं कुणाला कारणच उरलं नाही. चूक तीच, पण ती दिसते फक्त चुरशीत.

कोर्ट आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, पण याचिका 45 दिवसांत करायची आणि निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाल्याचं दाखवायचं. कीर्तिकरांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली. परिणाम दाखवण्याची ही अट कडक आहे आणि कडकच हवी, नाहीतर प्रत्येक पराभूत उमेदवार कोर्टाची पायरी चढेल. म्हणूनच दुरुस्ती मोजणीच्या टेबलावर व्हायला हवी. यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू होण्याआधी टपाली मोजणी संपवायची, असं आयोगाने सप्टेंबर 2025 मध्ये ठरवलं. पण तोवर कल कळलेलाच असतो. उशीर होईल म्हणाल, तर तास-दोन तास होऊ द्या. बाद मतांची फेरतपासणी प्रतिनिधींसमोर यंत्रं उघडण्याआधी उरका आणि कारणवार तक्ता दालनाबाहेर लावा. गोवंडीतही, फरक तीस हजारांचा असला तरी.