इतवारीत गॅलरी नको

हवाईत १९६३पासून तिकीट काढून, पर्यटकांसाठी उभारलेलं सामोआचं गाव पाहता येतं. नाच ठरल्या वेळी, टाळ्याही. नागपुरात मात्र तान्ह्या पोळ्याला इतवारीत येणाऱ्या पाहुण्याला मिळतो तो धक्का. ईडा-पीडा घेऊन जाणारे दोन पुतळे, काळी आणि पिवळी मारबत, मिरवणुकीनं समोरासमोर येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही मिरवणुका १८८०च्या दशकापासूनच्या. काळी नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईंवरच्या रागातून निघाली, असं सांगतात. पिवळीच्या पायाशी बायका लेकरं घेऊन येतात. सोबत बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाच न सोडणारे. (सगळेच विनोद जमतात असं नाही.) पर्यटनवाल्यांनी इथं प्रेक्षागॅलरी बांधू नये. मोबाइल आतल्या खिशात ठेवा आणि ओरडायला लाजू नका. ईडा-पीडा घालवायला परगावचा आवाजही चालतो.