जहाज सगळ्यांचे, चिठ्ठी ज्याची त्याची

"बाबा, तिसरं इंजिन ठीक आहे. मी स्वतः पाहिलंय."

माझी मुलगी हे वाक्य इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाली, की मी निर्धास्तपणे शीतनिद्रेच्या पेटीत जाऊन निजलो. थोड्याच वेळात जहाजाचा स्फोट झाला. मी गेलो, ती मात्र त्याआधीच एका छोट्या सुटका-यानातून निसटली होती. टेबलाभोवती हशा पिकला. जावई हसले, शेजारचे जर्मन जोडपे हसले. मी एकटा हसलो नाही. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला पोटच्या पोरीने चार लोकांदेखत गंडवावे आणि त्याबद्दल तिला टाळ्या पडाव्यात, हे पचायला वेळ लागला.

हा प्रसंग २०२३ च्या डिसेंबरातला, जर्मनीतल्या डसेलडॉर्फ शहरातला. खेळाचे नाव 'नेमेसिस'. पोलंडच्या अ‍ॅडम क्वापिन्स्की यांनी तो रचला आणि तिथल्याच 'अवेकन रिअल्म्स' या कंपनीने काढला. कथा अशी, की अंतराळयानातले प्रवासी शीतनिद्रेतून जागे होतात तेव्हा त्यांचा एक सोबती मरून पडलेला असतो आणि जहाजात काहीतरी परके, हिंस्र वावरत असते. १९७९ सालचा 'एलियन' हा इंग्रजी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नाते लगेच कळेल. कोणी कप्तान, कोणी यंत्रज्ञ, कोणी शास्त्रज्ञ. पटावर बोटभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या आकृत्या उभ्या असतात. या छंदातली मंडळी त्यांना 'मिनिएचर' म्हणतात आणि आपल्याकडे गणपतीचे डोळे रेखतात तितक्या निगुतीने बारीक कुंचल्याने रंगवतात. ही कंपनीसुद्धा मुळात इतरांच्या आकृत्या रंगवून देणारी.

आपण लहानपणी सापशिडी खेळलो, 'व्यापार' खेळलो. तिथे हिशेब सोपा होता : तू जिंकलास म्हणजे मी हरलो. गेल्या पंचवीसेक वर्षांत पाश्चात्त्य देशांत दुसरी रीत रुजली. सगळे खेळाडू एका बाजूला आणि संकट दुसऱ्या बाजूला; तरलो तर सगळे, बुडालो तर सगळे. मॅट लीकॉक यांचा २००८ सालचा 'पॅन्डेमिक' हा त्यातला गाजलेला खेळ. यांना सहकारी खेळ म्हणतात. महाराष्ट्रात 'सहकार' हा शब्द उच्चारला की ऐकणारा आधी गालात हसतो, ते सोडा. कल्पना चांगली आहे.

'नेमेसिस'ने या सहकारात एक पाचर मारून ठेवली आहे. सुरुवातीला प्रत्येकाला गुप्त उद्दिष्टाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, आणि परक्या प्राण्याशी पहिली गाठ पडली की त्यातली एक ठेवून दुसरी टाकायची. कोणाला जहाज मंगळावर न्यायचे असते, कोणाला प्राण्यांचे घरटे जाळायचे असते, आणि एखाद्याच्या चिठ्ठीत अमुक क्रमांकाचा खेळाडू वाचता कामा नये असेही लिहिलेले असते. तीनपैकी किमान दोन इंजिने धड नसली तर जहाज फुटते. इंजिन तपासणारा ते एकट्यानेच पाहतो आणि इतरांना काय सांगायचे ते त्याच्या मर्जीवर. कोणावर थेट हत्यार चालवायची मुभा मात्र नाही. मुलीच्या चिठ्ठीत माझा क्रमांक होता, हे मला मेल्यावर कळले.

या पाचरीवरूनच छंदिष्टांत दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, खेळायचे तर एकदिलाने खेळू, नाहीतर उघड वैरी म्हणून बसू. हे अर्धेमुर्धे सोबतीपण नको. त्यांची आणखीही गाऱ्हाणी आहेत : फाशांचा लहरीपणा फार, खेळ तीन-तीन तास चालतो, आणि लवकर मेलेल्याने तोवर काय करायचे? दुसरा पक्ष म्हणतो, निव्वळ सहकारात एकच शहाणा सगळ्यांची चाल ठरवतो आणि बाकीचे माना डोलावतात. संचालक मंडळाच्या बैठका जवळून पाहिल्यामुळे हे मला लगेच पटले. दुसऱ्याची चिठ्ठी ठाऊक नसली, की प्रत्येकाला स्वतःचे डोके चालवावेच लागते. खेळकर्त्यांनी दोन्ही सोयी केल्या आहेत. चिठ्ठ्यांचे कारस्थान नको असेल, त्यांना हाच पट पूर्ण सहकाराच्या नियमांनीही मांडता येतो.

गंमत अशी, की हा खेळ जन्मला तोच विश्वासावर. २०१८ च्या जानेवारीत कंपनीने 'किकस्टार्टर' या संस्थळावर त्याची योजना मांडली, तेव्हा तीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम आगाऊ भरली. तारण नाही, जामीन नाही. माल अजून साच्यातून बाहेर पडायचा होता. माझ्यासमोर असा प्रस्ताव आला असता तर मी तो चहा यायच्या आत परत पाठवला असता.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण "मी स्वतः पाहिलंय" हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या शाखेत असताना एका व्यापाऱ्याच्या गोदामातल्या मालाची तपासणी करायची होती. पाऊस मुसळधार होता. माझा सहकारी, ज्याच्याबरोबर मी बारा वर्षे एका डब्यात जेवलो, म्हणाला, "तू कशाला भिजतोस? माल मी स्वतः पाहिलाय." मी अहवालावर सही केली. गोदाम रिकामे होते. पुढे चौकशी झाली, माझी वेतनवाढ रोखली गेली. पैशांचे दुःख वर्षा-दोन वर्षांत ओसरले. त्या मित्राशी मात्र मी पुन्हा कधी बोललो नाही. तो तीन-चार वेळा घरी आला, मी दार उघडले नाही. २०११ साली तो गेला. त्याच्यावर कोणाचा दबाव होता, घरी काही अडचण होती, की निव्वळ लोभ? त्याच्या हातात कोणती चिठ्ठी होती, हे मी त्याला कधी विचारलेच नाही.

या खेळात एक छोटा नियम आहे. रिकाम्या खोलीत एकट्याने पाऊल टाकले की फासा टाकून आवाज कुठे झाला ते पाहावे लागते, आणि आवाजाच्या मागे प्राणी येतात. खोलीत आधीच कोणी सोबती असेल, तर फासा टाकावा लागत नाही. सोबत्याच्या खिशातली चिठ्ठी कोणती, हे ठाऊक नसतानाही नियम तोच राहतो. मला वाटते, घर, कचेरी, भाऊबंदकी, सगळीकडे आपण याच नियमाने जगत असतो. म्हणून छंदिष्टांच्या भांडणात माझे मत दुसऱ्या पक्षाला आहे. घरात लहान मुले असतील तर पूर्ण सहकाराने सुरुवात करावी. मुले जाणती झाली की चिठ्ठ्या वाटाव्यात. फसवणूक काय असते ते त्यांना कधीतरी कळणारच. ते आईबापांच्या टेबलावर कळावे, आणि फसवले गेल्यावरही रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसतात, हेही तिथेच कळावे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीने भीतभीतच विचारले, "बाबा, परत मांडायचा?" मी खुर्ची ओढली. या वेळी इंजिन पाहण्याची पाळी माझ्यावर आली. ते ठीक होते, आणि मी तसे खरे सांगितले.

तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि स्वतः खात्री करायला आपली आकृती उचलून माझ्याच खोलीत आणून ठेवली. मला अजिबात राग आला नाही. त्या पावसात मीही एवढेच करायला हवे होते. छत्री उघडायची, गोदाम पाहून यायचे, आणि मग काहीही दिसले असले तरी मित्रासाठी दार उघडे ठेवायचे.