थांबण्याचा हिशेब

आयुष्याचीं बत्तीस वर्षें आम्हीं मुलांना रूपें आणि समास शिकविण्यांत घालविलीं. तेव्हां मोटारीच्या ब्रेकविषयीं आमच्याकडून कांहीं ऐकावें लागेल, अशी अपेक्षा या सदराच्या वाचकांनीं केली नसेल. आम्हींही केली नव्हती. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एक वाद उपस्थित झाला आणि त्याचा निवाडा आमच्याकडे आला. तसल्या वादाचें मूळ आतां पुष्कळ सुशिक्षित घरांच्या दारांत चार चाकांवर उभें असतें, म्हणून त्याची हकीगत देत आहों.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा पुण्यांत एका कारखान्यांत अभियंता आहे. वय चाळिशीच्या आसपास, पदरीं आठ वर्षांची मुलगी. त्याला ना विडी, ना पत्ते. व्यसन काय तें गाडीचें. २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २३० अश्वशक्तीची, त्यानें जुन्या बाजारांत घेतली. ती घेऊन तो वर्षांतून दोनदां चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें जातो. तेथें १९९० सालापासून शर्यतींसाठीं बांधलेला बंदिस्त रस्ता आहे. एक फेरी सुमारें ३.७ किलोमीटरची. असाच एक लहान रस्ता कोइमतूरजवळ आहे, आणि ५ किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा मोठा रस्ता २०११ सालीं ग्रेटर नोएडा येथें झाला. अशा ठिकाणीं कांहीं दिवस हौशी लोकांस स्वतःची गाडी आणून मनसोक्त पळवितां येते. फी भरावी, हेल्मेट घालावें, आणि फेऱ्या माराव्या. शर्यत नाहीं, बक्षीस नाहीं. यास 'ट्रॅक-डे' म्हणतात. सार्वजनिक रस्त्यावर लोकांच्या मुलांमाणसांमधून वेगाची हौस भागविणाऱ्यांपेक्षां हे लोक शतपटीनें बरे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या खेपेस दुपारच्या पाळींत, सरळ पट्टी संपून वळण येत असतां, पुतण्यानें ब्रेक दाबला तो पाय थेट तळाशीं गेला. त्यानें भराभर दोनतीनदां पाय मारला, तेव्हां कांहींसा ब्रेक लागला, आणि गाडी वळण सोडून मातींत जाऊन थांबली. कोणास इजा झाली नाहीं. ही गोष्ट त्यानें घरीं सांगितली नव्हती. चाकांच्या कमानींतील तांबड्या मातीवरून वहिनींनीं ती काढून घेतली.

मग घरांत तीन पक्ष झाले. वहिनींचें म्हणणें, गाडी विकावी. सूनबाईंचें म्हणणें, मुलीच्या शाळेची फी भरावयाची असतां ब्रेकवर आणखी एक रुपया घालूं नये. आणि पुतण्याचें म्हणणें, दोष स्वस्त ब्रेक-पॅडचा. आतां शर्यतींतल्या गाड्यांना लावतात तसले परदेशी, सर्वांत महाग पॅड बसवितो, म्हणजे प्रश्न मिटला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हींच काय तें सांगा त्याला. तुमचें तो ऐकेल." आम्हांस गाडी चालवितां येत नाहीं. परंतु निम्नस्तराच्या वर्गांना आम्ही गणितही शिकविलें होतें, म्हणून प्रथम कागद-पेन्सिल घेतली.

माणसासह गाडीचें वजन १५०० किलो धरा. समजा, सरळ पट्टीच्या शेवटीं वेग ताशीं १८० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदास ५० मीटर. आणि वळणासाठीं तो ताशीं ७२ वर, म्हणजे सेकंदास २० मीटरांवर आणावयाचा आहे. वस्तुमानाच्या निमपटीस वेगाच्या वर्गानें गुणलें म्हणजे गतीची ऊर्जा येते. पहिल्या वेगाची १८ लक्ष ७५ हजार जूल, दुसऱ्याची ३ लक्ष. मधले पावणेसोळा लक्ष जूल नाहींसे होत नाहींत. त्यांची उष्णता होते. पंचवीस अंशांचें एक लिटर पाणी उकळीस आणण्यास सुमारें ३ लक्ष १४ हजार जूल लागतात. म्हणजे एका वेळच्या ब्रेकांत पांच लिटर पाणी उकळेल, आणि तेंही अवघ्या चार सेकंदांत! हें मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, "मग आपण गॅस कशाला घेतला?"

या उष्णतेचा सुमारें दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण थांबतांना गाडीचा भार पुढें झुकतो. बिडाची चकती एका दाबासरशी शंभराहून अधिक अंशांनीं तापते. ती निवते न निवते तोंच पुढचें वळण येतें. गांवांत वेग ५० चा, आणि दोन सिग्नलांच्या मध्यें निवण्यास भरपूर वेळ. वेग तिप्पट झाला कीं उष्णता नऊपट होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे बाजारांत बारा वर्षें निमूटपणें चालणारा पॅड ट्रॅकवर एका दुपारीं कां हात टेकतो, तें समजतें.

आतां पॅड म्हणजे काय? पोलादी पाठीवर दाबून भाजलेला एक लगदा : त्यांत तंतू, धातूचा कीस, ग्राफाइट, कांहीं खरबरीत कण, आणि या सर्वांस धरून ठेवणारी राळ. इंग्लंडांत डर्बीशायरमध्यें हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थानें १८९७ सालीं हा धंदा सुरू केला. घोडागाडीवाले उतारावर जुने बूट ब्रेकच्या ठोकळ्यास बांधून चाक आवरतात, हें पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. फ्रूड या नांवांतील इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून, आणि पत्नीच्या नांवाचें आद्याक्षर त्यांत मिळवून, त्यानें मालाचें नांव ठेविलें 'फेरोदो'. तें आजही बाजारांत आहे. पुढें या लगद्यांत ॲस्बेस्टॉस घालीत. त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरल्यावर पुष्कळ देशांनीं तें सोडलें. (धूळ कसलीही असो, चाक उघडल्यावर ती तोंडानें फुंकूं नये.)

या लगद्यांतील राळ फार तापली कीं जळूं लागते, वायू सुटतो, आणि पॅड व चकती यांच्यामध्यें त्या वायूचा पडदा येतो. मग पाय दाबावा तर खालीं दगडासारखें कठीण लागतें, पण गाडी थांबत नाहीं. ही पॅडची हार. दुसरा प्रकार याच्या अगदीं उलट. पायाचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या द्रवास आपण 'ब्रेक ऑईल' म्हणतों. वस्तुतः तें तेल नव्हे. त्यास हवेंतील ओल शोषून घेण्याची खोड आहे. 'डॉट ४' या प्रतीचें ताजें ऑईल २३० अंशांच्या आधीं उकळूं नये असा दंडक आहे. तेंच ओल धरलें कीं ही मर्यादा १५५ पर्यंत उतरली तरी दंडकास तें चालतें. उकळलें कीं त्यांत बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, पण वाफ दाबली जाते. म्हणून पाय मऊ लागतो आणि तळाशीं जातो.

आम्हीं पुतण्यास विचारलें, "त्या वेळीं पायाखालीं कठीण लागलें कीं मऊ?"

तो म्हणाला, "काका, पायाखालीं कांहींच नव्हतें."

"आणि ऑईल केव्हां बदललें होतें?"

या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला. गाडी घेतल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, तें बदललेंच नव्हतें. ऑईल साधारण दोन वर्षांनीं, आणि ट्रॅकवर जाणाऱ्यानें तर दर वर्षीं बदलावें, ही गोष्ट त्यास ठाऊक होती. पण पॅड डोळ्यांना दिसतात, ऑईल दिसत नाहीं. बत्तीस वर्षांत आम्हीं कित्येक मुलांचें असेंच पाहिलें : समास चुकतो तो संधी न आल्यामुळें, आणि मुलगा पाठ करीत बसतो समासच. महागांतले महाग पॅड आणून तो त्याच जुन्या ऑईलवर पुन्हां त्याच वळणाशीं गेला असता, तर काय झालें असतें, हें वहिनींसमोर आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. त्यास तें समजलें होतें.

तेव्हां पैशाचा पहिला क्रम ऑईलचा लागला. 'डॉट ४' मध्येंच अधिक उंच उत्कलनबिंदूचें मिळतें, 'डॉट ५.१' ताजें असतां २६० अंशांपर्यंत टिकतें. मात्र 'डॉट ५' हें सिलिकोनचें, निराळ्याच जातीचें. आंकडा मोठा दिसला म्हणून तें यांत मिसळूं नये. हा खर्च पॅडांच्या मानानें किरकोळ आहे, आणि सूनबाईंनींही तो मुकाट्यानें मान्य केला.

राहिले पॅड. घरगुती वापराचे साधे पॅड थंडींत, पावसांत, पहिल्या दाबास धरतात, आवाज करीत नाहींत. पण फार उष्णता सोसत नाहींत. अस्सल शर्यतीचे पॅड सहाशें-सातशें अंशांस डगमगत नाहींत. पण थंड असतां नीट धरीत नाहींत, किंचाळतात, आणि चकती कुरतडतात. आमचा पुतण्या त्याच गाडीनें पुण्याहून सुमारें बाराशें किलोमीटर जातो आणि तितकाच परत येतो. पहाटे वाड्याच्या बोळांतून निघतांना कोणाचें पोर आडवें आलें, तर शर्यतीचा पॅड अजून झोपलेलाच असणार. याच्या मधली एक जात आहे : जलद रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक, दोहोंस चालेल अशी. फेरोदोचा 'डीएस २५००', ईबीसीचा 'यलोस्टफ' हीं याच वर्गांतलीं नांवें. आठपंधरा मिनिटांच्या पाळ्या चालविणाऱ्या हौशी माणसास यापुढें जाण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं. मागचे पॅड मूळचेच असूं द्यावे. काम पुढच्यांचें आहे. मात्र पुढचे एकदम फार जहाल घेतले तर पुढच्या-मागच्यांचा तोल बिघडतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

पुष्कळ पॅडांच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरें छापलेलीं असतात. पहिलें साधारण उष्णतेंतील घर्षणाचें, दुसरें अधिक तापल्यावरचें. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरें अक्षर पहिल्याहून उतरतें असेल, तर तो पॅड तापल्यावर दगा देणारा समजावा. पण या अक्षरांवर सर्वस्वीं विसंबूं नये. ती परीक्षा पॅडाच्या लहानशा तुकड्याची असते, गाडीची नव्हे.

स्वस्त कशास म्हणावें, यावर आमचा आणि पुतण्याचा एक तास गेला. समजा, एक जोड सहा हजारांचा आहे आणि ट्रॅकवर दोन दिवसांत संपतो. दुसरा अठरा हजारांचा असून आठ दिवस चालतो. पहिल्याचे दिवसास तीन हजार पडले, दुसऱ्याचे सव्वादोन. शिवाय ट्रॅकसाठीं निम्म्याहून अधिक झिजलेला पॅड वापरूं नये, कारण पातळ झालेला पॅड उष्णता अडवूं शकत नाहीं आणि ती सरळ ऑईलपर्यंत पोंचते. म्हणून निम्मा उरलेला जोड गांवांतल्या वापरासाठीं काढून ठेवावा. बिलावरचा आंकडा न पाहतां दिवसाचा आंकडा पाहावा, असें ठरलें. एका बाबतींत मात्र आम्हीं हिशेब ऐकूनच घेतला नाहीं. नामांकित खोक्यांत बनावट पॅड विकणारे लोक बाजारांत आहेत. निम्म्या किंमतींत मिळणारा प्रसिद्ध नांवाचा पॅड हा स्वस्त पॅड नव्हेच. पावती देणाऱ्या ओळखीच्या दुकानाबाहेर तो घेऊं नये.

ज्या गोष्टींस पैसाच लागत नाहीं, त्या मात्र पुतण्यानें सर्वांत शेवटीं ऐकल्या. नवे पॅड घातले कीं प्रथम मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठदहा वेळां हळूहळू जोर वाढवीत ब्रेक लावावा, पूर्ण न थांबतां. राळेंतला पहिला वायू तेथेंच निघून जातो आणि चकतीवर पॅडाचा सारखा थर बसतो. ट्रॅकवर चारपांच जलद फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश, ब्रेकला पाय न लावतां, निवण्यासाठीं मारावी. उभी करतांना हँडब्रेक ओढूं नये. गिअरमध्यें ठेवून चाकाखालीं दगड लावावा. वर्गांत शाकुंतलाचा पहिला अंक शिकवितांना दुष्यंताचा धांवता रथ ऐकून मुलें खुलत. पण तपस्वी मध्यें येतांच तो घोडे आवरावयास सांगतो आणि रथ थांबतो, तेथें आम्ही मुद्दाम थबकत असूं.

गाडी विकली गेली नाहीं. पुतण्यानें ऑईल बदललें, मधल्या जातीचा एक जोड घेतला, आणि मूळचे पॅड आम्हीं दिलेल्या जुन्या लाडवांच्या डब्यांत तेल लागणार नाहीं असे गुंडाळून ठेविले. पॅड बदलल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं पेडल कांहीं वेळां दाबून घट्ट करून घ्यावें लागतें, नाहीं तर पहिलाच पाय रिकामा जातो. हें ऐकल्यापासून त्या कामीं वहिनींनीं स्वतःस नेमून घेतलें आहे. परवां त्या चपला काढून गाडींत बसल्या, नातीकडून मोजून घेत पंधरा वेळां पेडल दाबलें, आणि आम्हांस हाक मारली : "भाऊजी, कठीण लागलें म्हणजे पॅडचा दोष, असें तुम्हींच म्हणाला होतां ना? हें तर दगडासारखें झालें!" इंजिन बंद असतांना तें तसेंच लागतें, हें त्यांना पटविण्यास आम्हांस चहा निवेपर्यंत वेळ लागला.