प्राध्यापकाची खुर्ची आणि घरचा हिशेब

परवा आमच्या वस्तीतली एक मुलगी एम.कॉम. झाली. पेढे वाटून झाले आणि घरात प्रश्न निघाला, "आता आणखी किती शिकायचं? नोकरी बघ." मुलीला प्राध्यापक व्हायचे आहे. वडिलांचेही चुकत नाही. रोजंदारीच्या घरात एकेक वर्ष मोजून खर्चावे लागते. म्हणून हा हिशेब आम्ही इथे मांडतो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. पण त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसत. इतकी मानाची नोकरी, तरी मार्च १९२० मध्ये ती सोडून ते लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला निघाले. जवळ होता साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज. मागे परळच्या चाळीत रमाईंनी संसार ओढला. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले, १९२३ मध्ये डी.एस्सी.

आजची वाट अशी आहे. कॉमर्स किंवा अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी, मग नेट किंवा सेट परीक्षा. त्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या गटाला ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना ५० चालतात. आपल्याकडची सेट पुणे विद्यापीठ घेते. नेटमध्ये वरचे गुण पडले तर पीएच.डी. करताना दरमहा फेलोशिप मिळते. नोकरी लागली की आधी सहायक प्राध्यापक, मग सहयोगी, मग प्राध्यापक. वरच्या पायऱ्यांना पीएच.डी. आणि संशोधन लागतेच.

खाचखळगाही सांगतो. पास झाले की लगेच कायम जागा मिळेल असे नाही. पुष्कळ मुले वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. तिथेच लग्न, कर्ज, थकवा येतो आणि पीएच.डी. मागे पडते.

पालकांनो, मुलीला आणखी तीन-चार वर्षे द्यायची असतील तर ती आजच ठरवून द्या, रोज टोचू नका. आणि मुली, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आताच काढून ठेव. तासिका घेतल्यास तरी रात्रीचा एक तास अभ्यासाचा राख. परळच्या त्या चाळीत पगार येत होता, तरी अभ्यास अपुरा आहे हे कुणी विसरले नव्हते.